एकाच कुंपणातले माजी राष्ट्राध्यक्ष

२०२५ च्या नोव्हेंबरात पेरू देशात लागोपाठ दोन दिवशी दोन माजी राष्ट्राध्यक्षांना शिक्षा सुनावण्यात आल्या. २६ तारखेला मार्तीन विस्कारा यांना लाच घेतल्याबद्दल १४ वर्षे, आणि २७ तारखेला पेद्रो कास्तियो यांना बंडाचा कट रचल्याबद्दल साडेअकरा वर्षांच्या आसपास. दोन्ही बातम्यांच्या शेवटी तुरुंगाचा पत्ता मात्र एकच होता: राजधानी लिमाच्या पूर्वेकडील आते या भागातला बार्बादियो. कास्तियो तिथे तीन वर्षांपासून कच्चे कैदी म्हणून होतेच, आणि आलेहांद्रो तोलेदो व ओयांता उमाला हे आणखी दोन माजी राष्ट्राध्यक्षही तिथेच शिक्षा भोगत होते. एका देशाचे चार माजी प्रमुख एकाच कुंपणाच्या आत, असे हे चित्र.

मी लॅटिन अमेरिकेचा अभ्यासक नाही. पण बार्बादियोच्या बातम्या गेली काही वर्षे मी नेमाने वाचत आलो आहे, आणि दर वेळी कोणी कोणाला हरवले, कोणी कोणाला माफी नाकारली यात माझा गोंधळ होत आला आहे. म्हणून त्या रात्री कॅलेंडरचे उलटून गेलेले ऑक्टोबरचे पान फाडून घेतले, त्याच्या कोऱ्या बाजूवर सगळ्यांची नावे लिहिली आणि एकाकडून दुसऱ्याकडे बाण काढत बसलो. तासाभरात त्या पानाचे गिचमिड जाळे झाले, पण एक गोष्ट लख्ख दिसली. या तुरुंगात आलेला प्रत्येक जण आतल्या दुसऱ्या कोणाचा तरी जुना वैरी होता.

आधी जागेविषयी. बार्बादियो हा आपल्या डोळ्यांसमोर येतो तसा उंच भिंतींचा, बराकींच्या रांगांचा तुरुंग नाही. पोलिसांच्या विशेष कारवाई दलाच्या मोठ्या तळाच्या आत हा छोटासा तुरुंग आहे. लिमातले लोक त्या तळाला त्याच्या स्पॅनिश नावाच्या आद्याक्षरांवरून ‘दिरोएस’ म्हणतात. २००७ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी यांना परदेशातून परत आणले गेले, तेव्हा त्यांना ठेवायचे कुठे हा प्रश्न खरोखरच अवघड होता. दहा वर्षे सत्तेत असलेल्या आणि हजारो लोकांना गजाआड केलेल्या माणसाला सर्वसाधारण तुरुंगात ठेवले असते तर त्याचे काय झाले असते, हे सांगायला नको. म्हणून पोलिसी तळाच्या आत, बाहेरून पहारा सोपा जाईल अशा ठिकाणी त्यांची सोय करण्यात आली. ती सोय एका माणसापुरती होती. पुढे तिचा वहिवाटीचा रस्ता होईल, असे तेव्हा कोणाच्या मनातही नसावे.

पेरूमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष तुरुंगात जाण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. आउगुस्तो लेगिया यांनी १९१९ पासून सलग अकरा वर्षे राज्य केले. १९३० मध्ये लष्करी उठावाने त्यांना खाली खेचले आणि लिमाच्या जुन्या मध्यवर्ती कारागृहात डांबले. तिथे त्यांची प्रकृती ढासळत गेली आणि १९३२ मध्ये कैदेतच, नौदलाच्या रुग्णालयात, त्यांचा मृत्यू झाला. ते कारागृह पुढे पाडले गेले आणि त्या जागेच्या एका भागावर आज शेरेटन हॉटेल उभे आहे. लेगियांचे जे झाले ते पुन्हा कोणाचे होऊ नये, एवढी शहाणीव तरी या वेगळ्या तुरुंगामागे मानता येईल. माझा आक्षेप वेगळ्या तुरुंगाला नाही. तो कशाला आहे, ते पुढे येईलच.

फुजिमोरींचा जन्म २८ जुलै १९३८ चा. २८ जुलै हा पेरूचा स्वातंत्र्यदिन आहे आणि नवे राष्ट्राध्यक्ष शपथ घेतात तीही याच दिवशी. १९९० साली त्यांनी पहिल्यांदा शपथ घेतली तेव्हा त्यांचा बावन्नावा वाढदिवस होता. अफाट महागाई आणि ‘शायनिंग पाथ’ या माओवादी संघटनेचा हिंसाचार यांनी देश तेव्हा गांजलेला होता. दोन्हींना त्यांनी आवर घातला, आणि म्हणूनच आजही त्यांना मानणारा मोठा वर्ग पेरूमध्ये आहे. पण ५ एप्रिल १९९२ रोजी त्यांनी रणगाडे रस्त्यावर आणून संसद बरखास्त केली, न्यायव्यवस्था मुठीत घेतली आणि त्यानंतर आठ वर्षांहून अधिक काळ देश त्यांच्या आणि त्यांचे गुप्तचर सल्लागार व्लादिमिरो मोन्तेसिनोस यांच्या इशाऱ्यावर चालला. २००० च्या सप्टेंबरात मोन्तेसिनोस एका खासदाराला नोटा मोजून देत असल्याची चित्रफीत टीव्हीवर झळकली आणि डोलारा कोसळला. फुजिमोरी जपानला निघून गेले आणि टोकियोहून त्यांनी फॅक्सने राजीनामा पाठवला. संसदेने तो राजीनामा फेटाळला आणि नैतिकदृष्ट्या अपात्र ठरवून त्यांना पदच्युत केले.

पाच वर्षे जपानमध्ये काढल्यावर २००५ च्या नोव्हेंबरात ते अचानक चिलीला उतरले आणि तिथे पकडले गेले. प्रत्यार्पणाचा खटला चालू असताना, चिलीतल्या नजरकैदेत बसून, त्यांनी २००७ मध्ये जपानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची निवडणूक लढवली आणि हरले. सप्टेंबरात चिलीने त्यांना पेरूच्या ताब्यात दिले. त्यांच्यावरचा मुख्य खटलाही त्याच पोलिसी तळाच्या आवारात चालला. राहायची खोली आणि आरोपीचा पिंजरा यांच्यात फक्त थोडे चालण्याचे अंतर होते.

या खटल्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. १९९२ च्या जुलैत ला कांतुता विद्यापीठाच्या वसतिगृहातून नऊ विद्यार्थी आणि एक प्राध्यापक रात्री उचलून नेले गेले आणि नाहीसे झाले. वर्षभराने लिमाबाहेर सिएनेगिया नावाच्या ठिकाणी उघड्या माळावर खणल्यावर जळालेली हाडे सापडली, आणि त्यांच्यासोबत किल्ल्यांचा एक जुडगा. मृत कोण हे सांगायला हाडे असमर्थ होती. मग त्या किल्ल्या विद्यार्थ्यांच्या कुलपांना लावून पाहण्यात आल्या, आणि कुलपे उघडली. त्याच्या आदल्या वर्षी, १९९१ च्या नोव्हेंबरात, बार्रिओस आल्तोस या वस्तीत एका वाड्यात जेवणाचा कार्यक्रम चालू असताना लष्करी गुप्तचरांच्या त्याच टोळीने गोळ्या झाडून १५ जणांना मारले होते. त्यांत आठ वर्षांचा एक मुलगा होता. ७ एप्रिल २००९ रोजी या दोन हत्याकांडांबद्दल आणि १९९२ मधल्या दोन अपहरणांबद्दल फुजिमोरींना २५ वर्षांची शिक्षा झाली. लॅटिन अमेरिकेत लोकांनी निवडून दिलेल्या राष्ट्रप्रमुखाला त्याच्याच देशातल्या न्यायालयाने अशा गुन्ह्यांसाठी दोषी ठरवण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते.

बार्बादियोमध्ये फुजिमोरींनी चित्रे काढली आणि गुलाब लावले. झोपण्याची खोली, पाहुण्यांना भेटण्याची जागा, चित्रे काढायची जागा आणि बाग असा त्यांचा संसार होता. सुरुवातीची जवळजवळ दहा वर्षे ते तिथले एकमेव कैदी होते. दर २८ जुलैला फाटकाबाहेर समर्थक जमत, झेंडे नाचवत, वाढदिवस साजरा करत. गुलाबांचे कौतुक वाचताना मला तो किल्ल्यांचा जुडगा आठवतो. त्याला माझा इलाज नाही.

आता बाणांकडे येतो. ओयांता उमाला हे लष्करातले लेफ्टनंट कर्नल. २००० च्या ऑक्टोबरात, फुजिमोरींची सत्ता डळमळत असताना, दक्षिणेतल्या लोकुम्बा भागात मूठभर सैनिकांना घेऊन त्यांनी फुजिमोरींविरुद्ध बंड केले आणि त्याच प्रसिद्धीवर ते राजकारणात आले. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांनी ज्यांना हरवले त्या केइको, फुजिमोरींच्या कन्या. २०१२ मध्ये फुजिमोरी कुटुंबाने आजारपणाच्या कारणावरून माफीचा अर्ज केला, आणि राष्ट्राध्यक्ष उमाला यांनी तो २०१३ मध्ये नामंजूर केला. आणि २०१७ च्या जुलैत, ओडेब्रेश्ट या ब्राझीलच्या बांधकाम कंपनीकडून प्रचारासाठी काळा पैसा घेतल्याच्या आरोपावरून, खटला उभा राहण्यापूर्वीच उमाला यांना पत्नी नादिने एरेदिया यांच्यासह अटक झाली. पत्नीला महिलांच्या तुरुंगात पाठवले गेले, पतीला बार्बादियोत. ज्याच्याविरुद्ध बंड केले, ज्याच्या मुलीला हरवले, ज्याचा अर्ज स्वतःच्या सहीने फेटाळला, त्याच्याच सख्ख्या शेजारी.

फुजिमोरींच्या माफीची कथा तर त्याहून नागमोडी आहे. २०१६ मध्ये केइको दुसऱ्यांदा हरल्या त्या पेद्रो पाब्लो कुचिन्स्की यांच्याकडून. केइकोंच्या पक्षाचे संसदेत बहुमत असल्यामुळे २०१७ च्या डिसेंबरात कुचिन्स्की यांना पदच्युत करण्याचा ठराव आला. २१ डिसेंबरला मतदान झाले तेव्हा केइकोंचे धाकटे भाऊ केन्जी आणि त्यांचे नऊ साथीदार ऐनवेळी तटस्थ राहिले आणि कुचिन्स्की वाचले. तीन दिवसांनी, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, फुजिमोरींना माफी जाहीर झाली. याला योगायोग म्हणायला माणूस फारच भाबडा असावा लागेल. २०१८ च्या मार्चमध्ये मतांच्या खरेदीच्या चित्रफिती बाहेर आल्या आणि कुचिन्स्की यांना जावेच लागले. उपराष्ट्राध्यक्ष विस्कारा त्यांच्या जागी आले. ऑक्टोबरात न्यायालयाने माफी रद्द केली आणि २०१९ च्या जानेवारीत फुजिमोरी पुन्हा आपल्या गुलाबांकडे परतले. उमाला त्यापूर्वीच, २०१८ च्या एप्रिलमध्ये, घटनात्मक न्यायालयाच्या आदेशाने सुटले होते.

२०२१ मध्ये केइको तिसऱ्यांदा हरल्या, त्या पेद्रो कास्तियो या ग्रामीण प्राथमिक शिक्षकाकडून, आणि तेही सुमारे ४४ हजार मतांनी. डोक्यावरच्या रुंद कडांच्या पांढऱ्या टोपीमुळे कास्तियो जगभर ओळखले गेले. त्यांचे सरकार पहिल्या दिवसापासून धडपडत होते. मंत्री येत-जात होते, भ्रष्टाचाराच्या चौकश्या चालू होत्या आणि संसद त्यांना घालवायला टपलेली होती. ७ डिसेंबर २०२२ रोजी, पदच्युतीच्या तिसऱ्या ठरावावर मतदान व्हायच्या काही तास आधी, त्यांनी टीव्हीवरून संसद बरखास्त करत असल्याचे जाहीर केले. ते भाषण मी पाहिले आहे. हातातला कागद थरथरताना स्पष्ट दिसतो. लष्कर हलले नाही, मंत्र्यांनी पटापट राजीनामे दिले, आणि संसदेने १०१ मतांनी त्यांना काढून टाकले. कास्तियो कुटुंबासह मेक्सिकोच्या दूतावासाकडे निघाले, पण लिमाच्या वाहतुकीत असतानाच त्यांच्याच अंगरक्षक पोलिसांनी गाडी पोलीस कार्यालयाकडे वळवली. तिथे सोफ्यावर बसून मासिक चाळत असलेल्या कास्तियोंचे छायाचित्र त्या दिवशी सगळीकडे छापले गेले. त्यांनाही बार्बादियोलाच नेले. पुढच्या आठवड्यांत त्यांच्या समर्थनार्थ उसळलेल्या आंदोलनांत सुमारे ५० माणसे मेली, त्यांतली बहुतेक दक्षिणेच्या डोंगराळ भागातली आणि गरीब.

इथे एक विसंगती नोंदवावीशी वाटते. रणगाडे आणून संसद खरोखर बंद पाडणाऱ्या फुजिमोरींना त्या कृत्यासाठी, म्हणजे १९९२ च्या उठावासाठी, कधीच शिक्षा झाली नाही, कारण चिलीने ज्या आरोपांपुरते प्रत्यार्पण मंजूर केले होते त्यांच्यापुरताच खटला चालवता येत होता. थरथरत्या हातांनी वाचलेल्या, दोन-तीन तासांत विरून गेलेल्या घोषणेसाठी मात्र कास्तियोंना साडेअकरा वर्षे. कास्तियो निर्दोष आहेत असे मी म्हणत नाही. निवडून आलेल्या माणसाला संसद मनाला येईल तेव्हा बंद करता येत नाही, आणि प्रयत्न फसला म्हणून गुन्हा पुसला जात नाही. तरीही या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मन खट्टू होते.

तोलेदो आले ते २०२३ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेतून प्रत्यार्पण होऊन. लहानपणी चिम्बोते या बंदराच्या गावी बूटपॉलिश करणारा मुलगा, मग अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट, मग २००० साली फुजिमोरींच्या तिसऱ्या शपथविधीविरुद्ध लिमाच्या रस्त्यांवर निघालेल्या प्रचंड मोर्चाचे नेतृत्व. २००१ ते २००६ या काळात राष्ट्राध्यक्ष असताना फुजिमोरींना जपानकडून परत मागणारे सरकार त्यांचेच. आणि पेरू ते ब्राझील या महामार्गाचे कंत्राट देताना ओडेब्रेश्टकडून सुमारे साडेतीन कोटी डॉलर लाच ठरवणारेही तेच, असे न्यायालयाने २०२४ च्या ऑक्टोबरात सांगितले आणि वीस वर्षे सहा महिन्यांची शिक्षा दिली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे तोलेदो न्यायालयात हात जोडून वय आणि कर्करोग यांचा दाखला देत होते. लोकशाहीसाठीचा मोर्चा खरा होता आणि लाचही खरी होती. एकाच माणसाच्या चरित्रातल्या या दोन पानांचे काय करायचे, हे पेरूच्या लोकांना तरी कळले असेल का?

तर २०२३ च्या एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत या कुंपणात तिघे एकत्र होते: फुजिमोरी, त्यांच्याविरुद्ध मोर्चा काढणारे तोलेदो आणि त्यांच्या मुलीला हरवणारे कास्तियो. ६ डिसेंबर २०२३ ला घटनात्मक न्यायालयाच्या आदेशाने, आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाचा विरोध डावलून, फुजिमोरींना सोडण्यात आले. नाकाला प्राणवायूची नळी लावलेल्या वडिलांना न्यायला केइको आणि केन्जी गाडी घेऊन आले होते. ११ सप्टेंबर २०२४ रोजी ते वारले. तीन वर्षांपूर्वी त्याच तारखेला त्यांचा कट्टर शत्रू, शायनिंग पाथचा म्होरक्या आबिमाएल गुस्मान, नौदलाच्या तळावरच्या तुरुंगात मेला होता. फुजिमोरींना शासकीय इतमामाने निरोप मिळाला आणि तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला गेला. ला कांतुताच्या काही कुटुंबांना मात्र अजूनही आपल्या मुलांचे पूर्ण अवशेष मिळालेले नाहीत.

बार्बादियोला जगभरचे वार्ताहर ‘राष्ट्राध्यक्षांचा तुरुंग’ म्हणतात आणि त्यावर विनोद करतात. त्या विनोदालाच माझा आक्षेप आहे. त्यात दोन सोयीस्कर निष्कर्ष दडलेले असतात: एक म्हणजे पेरूची न्यायव्यवस्था किती खमकी, आणि दुसरा म्हणजे तिथले सगळे राजकारणी एकाच माळेचे मणी. दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण एका छपराखाली आणले की किल्ल्यांचा जुडगा आणि प्रचारनिधीचे पाकीट सारख्याच वजनाचे वाटू लागतात. फुजिमोरी आले ते माणसे मारल्याबद्दल, तोलेदो आणि विस्कारा लाचेबद्दल, कास्तियो फसलेल्या बंडाबद्दल. उमाला यांना २०२५ च्या एप्रिलमध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली ती २००६ आणि २०११ च्या प्रचारासाठी व्हेनेझुएला आणि ओडेब्रेश्टकडून आलेल्या पैशांच्या मनी लाँडरिंगबद्दल. त्यांच्या पत्नीलाही तेवढीच शिक्षा झाली, पण त्यांनी त्याच दिवशी ब्राझीलच्या दूतावासात आश्रय घेतला आणि दुसऱ्या दिवशी विमानाने देश सोडला. पाच माणसांचे हे गुन्हे चार वेगळ्या जातींचे आहेत, आणि पदाचे नाव एक म्हणून त्यांची मोट बांधणे हा मेलेल्यांवर अन्याय आहे.

शिवाय कच्च्या कैदेचा प्रश्न आहेच. पेरूत खटला सुरू होण्याआधी माणसाला महिनोन्महिने आत ठेवता येते, आणि माजी राष्ट्राध्यक्षांच्या बाबतीत हा अधिकार सढळ हाताने वापरला गेला. आलान गार्सिया दोनदा राष्ट्राध्यक्ष होते. फुजिमोरींना चिलीहून आणले गेले ते त्यांच्याच दुसऱ्या कारकिर्दीत. १७ एप्रिल २०१९ च्या सकाळी ओडेब्रेश्ट प्रकरणात पोलीस त्यांना अटक करायला घरी आले, तेव्हा ते वरच्या खोलीत गेले आणि त्यांनी स्वतःवर गोळी झाडली. बार्बादियोच्या यादीत त्यांचे नाव नाही ते यामुळे.

आणि ज्यांची नावे कोणी लिहीत नाही तेही कच्चे कैदीच. लिमाच्या पूर्वेलाच लुरिगांचो हा मोठा तुरुंग आहे. सुमारे ३,२०० माणसांसाठी बांधलेला आणि त्याच्या दुपटीहून जास्त माणसे कोंबलेला. तिथे झोपायला जागा मिळावी यासाठीही झगडावे लागते. माजी राष्ट्राध्यक्षाला माणसासारखे वागवले जाते यात काही चूक नाही. ते वागणे फाटकाच्या या बाजूलाच संपते, ही चूक आहे.

विस्कारांचे नाव माझ्या कॅलेंडरच्या पानावर सर्वांत शेवटी आले. भ्रष्टाचारविरोधी सुधारणांसाठी २०१८ मध्ये सार्वमत घेणारे, २०१९ मध्ये अडून बसलेली संसद बरखास्त करून रस्त्यावर टाळ्या मिळवणारे हे राष्ट्राध्यक्ष. त्यांना २०२० मध्ये संसदेने काढले. आता त्यांना शिक्षा झाली आहे ती त्यापूर्वी, मोकेग्वा प्रांताचे गव्हर्नर असताना, पाटबंधारे प्रकल्प आणि रुग्णालय यांच्या कंत्राटांत घेतलेल्या लाचेबद्दल. फुजिमोरींची माफी रद्द होऊन त्यांना परत आत नेले गेले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष तेच होते, म्हणून एक बाण तिकडून काढायचा होता. पण पानाच्या मधोमध जागाच उरली नव्हती. शेवटी त्यांचे नाव मी समासात, उभे लिहिले.